अंगावरची पित्ती : नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत तेव्हा

(कल्याणमधील आरोग्य-संवाद बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डोंबिवलीत राहतो, ऐरोलीला नोकरी करतो आणि गेली पाच वर्षं मला पित्तीचा जुनाट आजार आहे. या पाच वर्षांत मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि स्वतःवर अनुभवलं, तेवढंच आज मांडणार आहे. इथे कोणाला औषध सांगायला मी उभा नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर कोणते प्रश्न विचारायचे, ते तुमच्या हाती यावं एवढाच हेतू आहे. आपल्या मोहल्ल्यात या आजारावर पैसा फार जातो आणि माहिती फार कमी मिळते.

आधी नावाविषयी. मराठीत आपण म्हणतो, अंगावर पित्त उठलं, किंवा गांधी उठल्या. आमच्या घरात उर्दू वळणाने ‘पित्ती उछलना’ म्हणतात. आयुर्वेदात शीतपित्त म्हणतात, युनानी हकीम ‘शरा’ म्हणतात. डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात. इतकी नावं आहेत, म्हणजे हा आजार जुना आहे आणि सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण ‘पित्त’ या शब्दामुळे एक गैरसमज पक्का बसला आहे. लोकांना वाटतं, पोटातलं पित्त वाढलं की अंगावर येतं. मग आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला लावतात, वांगं बंद, मासे बंद, आंबट बंद. आमसुलाच्या पाण्याने थोडा गारवा मिळतो, त्याला माझी हरकत नाही. पण आजाराचं मूळ पोटात नाही.

आपल्या त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन साठलेलं असतं. त्या पेशी फुटल्या की हिस्टामिन बाहेर येतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, तिथे सूज येते आणि खाज सुटते. हीच गांधी. एखाद्या वेळी कोळंबी खाल्ली किंवा एखादं औषध घेतलं आणि पित्त उठलं, तर ते काही तासांत किंवा दिवसांत संपतं. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ, रोज किंवा जवळजवळ रोज उठत असेल तर त्याला जुनाट म्हणतात. या जुनाट प्रकारात बहुतेक वेळा बाहेरचं काही कारण सापडत नाही. आपल्याच शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या मास्ट पेशींना डिवचत असते. काहींच्या शरीरात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. काहींच्यात आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं थेट मास्ट पेशींवर जाऊन बसतात. थायरॉइडच्या आजाराशी याचं नातं आहे ते यामुळेच.

जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार कधी ना कधी होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जवळपास दुप्पट होतो आणि वीस ते चाळीस या वयात जास्त दिसतो. म्हणजे नोकरी, लग्न, बाळंतपण, लहान मुलं या सगळ्याच्या ऐन काळात. एक दिलासाही आहे. हा संसर्गजन्य नाही, एकाच्या हाताने दुसऱ्याला होत नाही. आणि बहुतेकांमध्ये काही वर्षांनी तो आपोआप शमतो. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. ती वर्षं कशी काढायची, आणि ती काढताना औषधाने दुसरं नुकसान होऊ द्यायचं नाही, हे कसं साधायचं?

डोंबिवलीत कोणालाही सांगा की अंगाला खाज आहे, तो एमआयडीसीकडे बोट दाखवेल. २०१४ च्या जानेवारीत आपण हिरवा पाऊस पाहिला, २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिला. प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी लढलंच पाहिजे. पण जुनाट पित्तीचं कारण तिथे शोधत बसलात, तर उपचार लांबतो. मला घर बदलायचा सल्ला तीन जणांनी दिला होता. घर बदलून माझ्या मास्ट पेशी बदलल्या नसत्या.

माझा त्रास दोन प्रकारचा होता. कुठल्याही वेळी उठणाऱ्या गांधी, आणि दाब पडेल तिथे येणारी सूज. सकाळच्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभं राहायचं, तिथून ट्रान्स हार्बरने ऐरोली. लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा जिथे असेल तिथे चार-सहा तासांनी जाड, दुखरी पट्टी उठायची. दांडा पकडलेला तळहात संध्याकाळी सुजायचा. रात्री खाजेमुळे झोप नाही, सकाळी डोळे सुजलेले. ऑफिसात लोक विचारायचे, काही संसर्ग आहे का? एकदा ओठ सुजून दुप्पट झाला आणि त्या दिवशी माझी क्लायंटबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना हे किरकोळ वाटतं. ज्यांनी भोगलं, त्यांना रात्रीचे तीन वाजता नखं आखूड कापत बसणं म्हणजे काय ते ठाऊक आहे.

आता आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण. पित्त उठलं की माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. तिथे एक इंजेक्शन मिळतं, बहुधा झोप आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिनचं आणि सोबत स्टेरॉइडचं. अर्ध्या तासात अंग साफ. माणूस म्हणतो, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि नंतर तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की स्टेरॉइड फक्त तीव्र उद्रेकात, फार तर दहा दिवसांपर्यंत द्यावं. महिनोन्‌महिने घेतलं तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, चेहरा सुजतो. शिवाय शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. त्यामुळे जे दीर्घकाळ घेत आहेत त्यांनी माझं हे भाषण ऐकून उद्या अचानक बंद करू नये. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं असतं. तसंच नाव-गाव नसलेल्या ‘जादूच्या पुड्या’. एका दिवसात पित्त घालवणाऱ्या पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेलं असू शकतं. लेबल नाही, घटक लिहिलेले नाहीत, तर ती घेऊ नका, देणारा कोणीही असो.

जुन्या अँटिहिस्टामिनचा धोका वेगळा आहे. त्याने गुंगी येते. भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, मुंब्र्याहून रिक्षा चालवणारा, असा माणूस दिवसा ती गोळी घेऊन कामाला गेला तर बोट जाऊ शकतं, अपघात होऊ शकतो. नवीन पिढीची अँटिहिस्टामिन्स आहेत. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, डेस्लोरॅटाडिन, बिलास्टिन ही त्यातली नावं. यात गुंगी फार कमी, सेटिरिझिनमध्ये काहींना थोडी येते. यातली साधी औषधं जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. उपचाराची पहिली पायरी हीच आहे.

‘नेहमीच्या गोळ्यांनी काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या अनेकांच्या बाबतीत पहिली पायरीच नीट चढलेली नसते. गोळी कशी घेतात? खाज आली की घेतात, नसली की सोडतात. ती रोज, ठरल्या वेळी, त्रास असो वा नसो, घ्यायची असते. कारण तिचं काम हिस्टामिनची जागा आधीच अडवून ठेवण्याचं आहे. दोन ते चार आठवडे असं घेऊनही आराम नसेल, तर मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डॉक्टर त्याच गोळीची मात्रा चारपटीपर्यंत वाढवू शकतात. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार गोळ्या एकत्र घेण्यापेक्षा एकाच औषधाची मात्रा वाढवणं बरं. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा त्रास असेल तर विशेष काळजी लागते. अभ्यासांचा गोषवारा असा की साध्या मात्रेने दहातल्या साधारण चार जणांना पुरेसा आराम पडतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मात्रा वाढवून पडतो. तरीही एक गट उरतो. मी त्या गटात होतो.

पुढची पायरी चढण्याआधी एक थांबा आहे. निदान बरोबर आहे का, ते पुन्हा तपासायचं. खरी गांधी चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून जाते, डाग न ठेवता. उठलेल्या एका गांधीभोवती पेनने वर्तुळ काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. ती तिथेच असेल, खाजेपेक्षा जळजळ जास्त असेल, नंतर काळसर डाग राहत असेल, तर तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा वेगळा आजार असू शकतो. त्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा तपासतात. सोबत ताप आणि सांधेदुखी असेल तरी वेगळा विचार करावा लागतो.

आणि फक्त सूज येत असेल, गांधी अजिबात नसतील, तर? आमच्या नात्यातल्या एक खाला मुंब्र्याला राहतात. त्यांचे ओठ आणि जीभ अधूनमधून सुजायची. दोन वर्षं अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड चालू होतं, स्टेरॉइडने साखर वाढली. शेवटी एका सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी त्यांची सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगितली. त्यात रक्तदाबाची गोळी निघाली, रामिप्रिल. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांमुळे काहींना अशी सूज येते, कधी गोळी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनीसुद्धा. त्या सुजेवर अँटिहिस्टामिन चालत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खालांचं सुजणं थांबलं. उपचाराचा खर्च शून्य. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही अनेकांची पित्ती भडकते. त्यांचाही हिशोब सांगा. घरात रक्ताच्या नात्यात कोणाला अशीच नुसती सूज येत असेल, तर एका आनुवंशिक आजाराची तपासणी करावी लागते. त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

मग तपासण्या किती करायच्या? लॅबवाले शंभर-दीडशे पदार्थांचं ‘अ‍ॅलर्जी पॅनेल’ विकतात. रिपोर्टमध्ये गहू, वांगं, दूध, असं काहीतरी लाल अक्षरात येतंच, आणि माणूस वर्षभर अर्धपोटी राहतो. जुनाट पित्तीत या पॅनेलचा सरसकट उपयोग नाही. मार्गदर्शक तत्त्वं ज्या तपासण्या सुचवतात त्या थोड्या आहेत. साधी रक्ततपासणी, ईएसआर किंवा सीआरपी, आणि तज्ज्ञांकडे गेल्यावर एकूण आयजीई व थायरॉइडची टीपीओ प्रतिपिंडं. बाकी तपासण्या तुमच्या लक्षणांवरून.

शेवटच्या दोन तपासण्या का महत्त्वाच्या, ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो.

चारपट मात्रेनेही भागत नाही, तेव्हा मार्गदर्शक तत्त्वांतली पुढची पायरी आहे ओमॅलिझुमॅब. हे इंजेक्शन मुळात दम्यासाठी आलं, अमेरिकेत २००३ मध्ये. जुनाट पित्तीसाठी तिथे त्याला २०१४ च्या मार्चमध्ये मान्यता मिळाली. पण त्याच्या कितीतरी आधी, २००८ साली, आपल्या शेजारच्या नवी मुंबईतले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. किरण गोडसे यांनी तीव्र जुनाट पित्तीत हे औषध वापरल्याचा अनुभव त्वचारोगाच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. पुढे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी पित्तीच्या उपचारांबाबत जे सहमतीचे दस्तऐवज तयार केले, त्यातही ते आघाडीवर होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला वाटतं की असलं ज्ञान बर्लिन किंवा बोस्टनला असतं. ते हार्बर लाइनवरही आहे.

हे औषध रक्तातल्या मोकळ्या आयजीईला पकडतं, म्हणजे ती मास्ट पेशीवर बसू शकत नाही. ठरलेली मात्रा दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या दोन कुप्या, त्वचेखाली. वजनावर ती अवलंबून नसते. काहींना पहिल्याच आठवड्यात फरक पडतो, काहींना वेळ लागतो, म्हणून सहा महिने वाट पाहावी असं सांगतात. पुरेसा फरक नसेल तर मात्रा वाढवण्याचीही सोय आहे. दुष्परिणाम थोडे आहेत. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका येऊ शकतो, म्हणून सुरुवातीची इंजेक्शनं रुग्णालयात घेऊन तिथे काही वेळ थांबावं लागतं. अडचण किमतीची. एका महिन्याच्या दोन कुप्यांचा खर्च माझ्या डोंबिवलीच्या वन बीएचकेच्या भाड्याहून जास्त होता. औषध बंद केल्यावर अनेकांची पित्ती काही आठवड्यांत परत येते, हेही आधी कळलेलं बरं. पुन्हा सुरू केलं तर ते पुन्हा चालतं.

मी चार महिने घेतलं. फरक पडला, पण थोडा. माझी एकूण आयजीई खूप कमी होती आणि टीपीओ प्रतिपिंडं वाढलेली. असं चित्र असेल तर हा आजार दुसऱ्या, आयजीजीच्या वाटेने चालणारा असण्याची शक्यता जास्त असते आणि त्यात ओमॅलिझुमॅबचा प्रतिसाद कमी किंवा उशिरा येतो. त्याच लोकांना सायक्लोस्पोरिनचा प्रतिसाद बरा मिळतो असं दिसलं आहे. म्हणजे दोन साध्या रक्ततपासण्या मोठा खर्च करण्याआधी दिशा दाखवू शकतात. त्या शंभर टक्के भाकीत करत नाहीत. कमी आयजीई असूनही बरे झालेले लोक आहेत. पण डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

सायक्लोस्पोरिन हे मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरलं जाणारं जुनं औषध. पित्तीत ते वजनाच्या दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त पाच मिलिग्रॅमपर्यंत देतात. साठ किलोच्या माणसाला जास्तीत जास्त ३००. ओमॅलिझुमॅबपेक्षा स्वस्त, पण लक्ष जास्त ठेवावं लागतं. रक्तदाब आणि क्रिएटिनिन नियमित तपासायचं, कारण ते मूत्रपिंडावर ताण देतं. काहींना केस वाढतात, हिरड्या सुजतात. काही प्रतिजैविकं, बुरशीवरची औषधं यांच्याशी त्याचा संघर्ष आहे, म्हणून दुसरा कोणताही डॉक्टर काही लिहून देत असेल तर आधी सांगायचं. मी घरी रक्तदाबाचं यंत्र घेतलं, रोज वहीत नोंद ठेवली. दुसऱ्या महिन्यात माझ्या गांधी जवळजवळ थांबल्या. सहा महिन्यांनंतर डॉक्टरांनी मात्रा उतरवायला सुरुवात केली. आज मी फक्त अँटिहिस्टामिनवर आहे. आजार परत येऊ शकतो, ते मला माहीत आहे. पण आता पायऱ्या माहीत आहेत.

यापलीकडे काय आहे? काही जुनी, स्वस्त औषधं तज्ज्ञ निवडक रुग्णांत वापरतात. डॅप्सोन, मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. यांचा पुरावा तुलनेने कमी आहे, पण पैशाअभावी रस्ताच बंद असेल तिथे त्यांना जागा आहे. डॅप्सोनआधी जी-सिक्स-पीडी नावाची तपासणी आवश्यक, नाहीतर रक्तपेशी फुटू शकतात. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही. माँटेलुकास्ट अनेकांना जोडीला दिलं जातं, त्याचा फायदा माफक आहे. आणि झोप, मनःस्थिती बिघडत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याबाबत ठळक इशारा दिला आहे. भारतात रुग्णाच्याच रक्तातला सीरम दर आठवड्याला टोचण्याची पद्धतही वापरतात. ती स्वस्त आहे, काही भारतीय अभ्यासांत फायदा दिसला आहे, पण एकूण पुरावा मिश्र आहे. अल्ट्राव्हायोलेट किरणांचा उपचारही काही ठिकाणी जोडीला देतात.

नवीन औषधंही येत आहेत. ड्युपिलुमॅब नावाच्या इंजेक्शनला जुनाट पित्तीसाठी जपानने २०२४ मध्ये आणि अमेरिकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये मान्यता दिली. २०२५ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेत रेमिब्रुटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. ती दिवसातून दोनदा तोंडाने घ्यायची आहे. मात्र प्रत्येक नवं औषध चांगलंच निघतं असं नाही. लिगेलिझुमॅबकडून मोठ्या अपेक्षा होत्या, पण शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांत ते ओमॅलिझुमॅबपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पित्तीवर कायमचा इलाज सापडला’ असं आलं, तर थोडं थांबा.

आता तीन व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, नोंद. माझ्या कामात आम्ही लॉग पाहिल्याशिवाय दुरुस्ती करत नाही. या आजारातही तशी पट्टी आहे. रोज दोन आकडे लिहायचे. गांधी नाहीत तर ०, वीसपेक्षा कमी १, वीस ते पन्नास २, पन्नासपेक्षा जास्त ३. खाज नाही तर ०, सौम्य १, मध्यम २, तीव्र ३. दिवसाची बेरीज जास्तीत जास्त ६, आठवड्याची ४२. याला यूएएस-सेव्हन म्हणतात. डॉक्टरांपुढे ‘खूप त्रास होतो’ म्हणण्यापेक्षा ‘चार आठवडे ३०, २८, ३१, २९’ असं दाखवलंत, तर पुढची पायरी लवकर ठरते. सोबत उठलेल्या गांधींचे मोबाइलवर फोटो ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत अंग साफ झालेलं असतं. ज्या बहिणींना फोटो दाखवायला संकोच वाटतो, त्यांनी हातावरच्या, मानेवरच्या गांधींचे काढले तरी चालतात.

दुसरी, रमजान. दरवर्षी लोक विचारतात. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर, त्यामुळे तिची वेळ नीट ठरवा. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, तिचा असर कमी होतो. इफ्तारच्या दस्तरखानावर रस असतोच, म्हणून सांगतो. इंजेक्शनाची तारीख बहुधा थोडी पुढेमागे करता येते. सायक्लोस्पोरिन चालू असताना पाण्याची कमतरता मूत्रपिंडाला त्रासाची ठरू शकते, तेव्हा रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

तिसरी, पैसा आणि हक्क. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारपद्धती विम्यातून वगळता येणार नाहीत असं सांगितलं, त्यात इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे. ओमॅलिझुमॅब त्याच प्रकारचं औषध आहे. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते, आणि ‘हे तर ओपीडी’ म्हणून नाकारतेही. माझा पहिला दावा असाच नाकारला गेला. मी डे-केअरची कागदपत्रं आणि डॉक्टरांचं पत्र जोडून तक्रार केली, तेव्हा काही रक्कम मिळाली. कंपनीने ऐकलं नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांनी धर्मादाय रुग्णालयांची योजना समजून घ्यावी. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, त्यासाठी वेगळा निधी ठेवावा लागतो. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. सायक्लोस्पोरिनसारखा उपचार मोठ्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाच्या देखरेखीखाली परवडण्यासारखा होतो.

एक इशारा विसरू नका. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, आवाज बसला, चक्कर आली, तर गोळीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

शेवटी आपल्या चळवळीकडून काय अपेक्षा आहे, ते सांगतो. कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आठवड्यातून किती दिवस चालते, तिथे नवीन पिढीची अँटिहिस्टामिन्स मिळतात का, टीपीओ आणि आयजीईची तपासणी होते का, याची माहिती आपण लेखी मागू या. यूएएस-सेव्हनची एक पानी पट्टी मराठी आणि उर्दूत छापून दुधनाका, कौसा, भिवंडीतल्या दवाखान्यांत ठेवू या. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देऊ नका, हे आपल्या ओळखीच्या मेडिकलवाल्यांना प्रेमाने सांगू या. आणि १ ऑक्टोबर हा जागतिक अर्टिकेरिया दिन असतो. त्या दिवशी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना बोलावून मोहल्ल्यात तपासणी ठेवू या. या कामासाठी ज्यांना वेळ देता येईल त्यांनी बैठक संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावं.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.